बावीस पुतळ्या आणि एक

गेल्या मे महिन्यात मामेभावाच्या लग्नासाठी मी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला आले. दुसऱ्या दिवशी हळद होती. नऊवारीवर घालायला आईने कपाटाच्या अगदी मागून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातली पुतळ्यांची माळ माझ्या हातात ठेवली.

"ही घाल. हरवली तरी चालेल, खोटीच आहे."

आमच्या घरात या माळेचा उल्लेख होत नाही. मी सात वर्षांची असताना, २००४ साली, आजी गेली. तेराव्यानंतर वाटणीसाठी डबा उघडला गेला. माळ सराफाकडे नेली. त्याने एक पुतळी कसोटीवर घासली, त्या रेघेवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला, आणि रेघ हिरवट फेस होऊन नाहीशी झाली. सोन्याची रेघ अशी जात नाही. पितळेची जाते.

त्या संध्याकाळी घरात एक वाक्य बोललं गेलं. "शेवटचे सहा महिने किल्ली हिच्याकडेच होती." 'ही' म्हणजे काकू. आजीच्या आजारपणात तिचं सगळं काकूने केलं होतं, म्हणून किल्लीही तिच्याकडे होती. काकूने माळ बदलली असं थेट कुणी म्हणालं नाही, त्याची गरजच पडली नाही. महिन्याभरात काका-काकू जुळे सोलापुरात भाड्याने राहायला गेले. बाबा आणि काका, दोघं सख्खे भाऊ, त्यानंतर फक्त लग्नात आणि मयतीला भेटले. किल्लीचं ते वाक्य माझ्या आईचं होतं.

तर ती माळ मी घातली, आणि हळदीच्या गडबडीत तिचा दोरा तुटला. पुतळ्या फरशीवर खणखणत घरंगळल्या. सोफ्याखालून, पायपुसण्याखालून गोळा करून मोजल्या तर बावीस. त्या रात्री झोप येईना म्हणून त्या ताटात पसरल्या आणि फोनचा मॅक्रो कॅमेरा लावून एकेक बघत बसले. आई पाणी प्यायला उठली.

"काय करायलीस गं इतक्या रात्री?"

"काही नाही. बघतेय कशी बनवलीय."

मला खरंच तेवढंच बघायचं होतं. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या कोडमधल्या चुका शोधायचं आहे. एखादी ओळ चुकलेली दिसली की पहिला प्रश्न 'कुणी केलं' हा नसतो. 'हे कधीपासून असं आहे' हा असतो. तारीख सापडली की निम्मे संशयित आपोआप सुटतात. आमच्या घरात वीस वर्षं 'कुणी' वर भांडण चाललं होतं. 'कधी' कुणी विचारलंच नव्हतं.

नकली दागिन्याची तारीख कशी काढायची? परदेशात हे बरंच सोपं आहे, कारण तिथल्या दागिन्यांवर काही ना काही लिहिलेलं असतं. मागे 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर तो दागिना १९४५ ते १९५२ या अमेरिकी ताब्याच्या काळातला. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या आधीचा नाही, कारण त्याआधी तो देशच नव्हता. अमेरिकन कंपनीच्या ब्रोचवर नावाशेजारी कॉपीराइटचं वर्तुळातलं 'सी' असेल तर तो बहुतेक १९५५ नंतरचा, कारण त्या सुमारास ट्रायफारी या कंपनीने दागिन्यांच्या डिझाइनवरच्या हक्काचा खटला जिंकला आणि मग सगळेच ते चिन्ह ठोकू लागले. मण्यांवर इंद्रधनुष्यासारखी झाक असेल तर ते पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतरचे, कारण काचेवर धातूची वाफ चढवायची ती पद्धत स्वारोव्स्कीने तेव्हा बाजारात आणली.

आपल्याकडच्या गिलिटाच्या दागिन्यांवर असं काही नसतं. मुळात ते कुणी कुठे बनवले हे सांगायचंच नसतं. गिलिट म्हणा, मुलामा म्हणा, रोलगोल्ड म्हणा, बेन्टेक्स म्हणा, आता एक ग्रॅम म्हणा. नावं बदलत गेली. सोलापुरात तेलुगू घरं पुष्कळ, त्यामुळे मछलीपट्टणजवळच्या चिलकलपुडीचं रोलगोल्ड इथल्या बायकांना नावाने माहीत असतं. पण हातातला डाग कुठल्या साली घडला हे त्याच्या अंगावरूनच वाचावं लागतं.

त्यासाठी एक साधा नियम आहे. खुणा दोन जातीच्या असतात. काही सांगतात, 'ही वस्तू अमुक सालाच्या आधीची असू शकत नाही.' काही सांगतात, 'अमुक सालाच्या नंतरची असू शकत नाही.' दोन्ही बाजूंनी भिंती सरकवत आणायच्या. आणि दुरुस्तीने फसायचं नाही. मी फसता फसता वाचले ती दोऱ्यावरून. तुटलेल्या दोऱ्याचं टोक काडेपेटीने पेटवलं. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. हा दोरा मात्र वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. म्हणजे नायलॉन, जो १९३८ च्या आधी बाजारात कुठे मिळतच नव्हता. मी लगेच वहीत लिहिलं, 'माळ अलीकडची.' सकाळी आई म्हणाली, "अगं, दोरा तर सासूबाईंनी पटवेकऱ्याकडून दोनदा तरी बदलून घेतला असेल." दोऱ्याने ओवण्याची तारीख सांगितली होती, पुतळ्यांची नाही. ओळ खोडली.

मग धातू. लोहचुंबक लावला, चिकटला नाही. म्हणजे आत लोखंड नाही, एवढंच. पुण्याला परतल्यावर शंभराव्या ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा मागवला आणि नववीत शिकलेला आर्किमिडीज बाहेर काढला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, आकडा शून्य करायचा, आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात अशी सोडायची की ती तळाला टेकणार नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर तिचं आकारमान. पाच पुतळ्यांचं मिळून वजन ११.४८ ग्रॅम, आकारमान १.३५. भागाकार ८.५. शुद्ध सोन्याची घनता १९.३, बावीस कॅरेटची पावणेअठराच्या आसपास, तांब्याची जवळपास ९, पितळेची साडेआठच्या आगेमागे. सराफाचं अ‍ॅसिड बरोबर होतं.

(हा प्रयोग घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा. तो भरीव दागिन्यालाच चालतो. बोरमाळेच्या मण्यात सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली असते. तिची घनता काढाल तर अस्सल बोरमाळही खोटी ठरेल आणि तुमच्याही घरात एखादी काकू घर सोडून जाईल.)

त्यानंतर मी एका शनिवारी सोलापूरच्या सराफ बाजारात गेले. आता बऱ्याच दुकानांत क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र असतं. अर्ध्या मिनिटात टक्केवारी येते. पण ते वस्तूच्या वरच्या काही मायक्रॉनपुरतंच बघतं, म्हणून झिजलेल्या जागी एकदा आणि खाचेत एकदा असं दोनदा बघायला सांगितलं. झिजलेल्या जागी तांबं आणि जस्त. खाचेत तांबं, जस्त, थोडं निकेल आणि किंचित सोनं. पारा नाही.

पारा नसणं महत्त्वाचं. जुन्या पद्धतीचा मुलामा पाऱ्याने चढायचा. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवून टाकायचा. कारागिराच्या तब्येतीची वाट लागायची, आणि पाऱ्याचा अंश मागे राहायचा. विजेच्या प्रवाहाने सोनं चढवायची पद्धत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये पेटंट केली. खाली निकेलचा थर आणि वर सोनं ही त्या घराण्यातली रीत. म्हणजे माझ्या माळेची पहिली भिंत १८४० वर उभी राहिली. शंभर-दीडशे वर्षांचा फट. फार काही हाती लागलं नव्हतं.

त्या दुकानात मागच्या बाजूला एक म्हातारे कारागीर बसले होते. मी भिंग लावून उभी आहे हे बघून त्यांनी हात पुढे केला. एक पुतळी घेतली, उजेडाकडे तिरकी धरली, कडेवरून नख फिरवलं.

"ही ठोकलेली नाही. ओतीव आहे."

मग त्यांनी मला फरक दाखवला. खरी पुतळी ठशाची असते. दोन पोलादी ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून वरून घाव घालायचा. धातू दाबला जातो, म्हणून रेषा कडक उठतात आणि पार्श्वभूमी गुळगुळीत राहते. नंतर वर वेगळी कडी झाळून लावतात. जोडाची बारीक रेघ भिंगाखाली दिसते. ओतीव वस्तूत वितळलेला धातू साच्यात वाहत जातो. साच्याच्या मातीचा रवाळपणा अंगावर उतरतो, रेषा साबणाच्या जुन्या वडीवरच्या अक्षरांसारख्या मऊ होतात, आणि कडी वेगळी लावावी लागत नाही, ती चकतीबरोबरच येते. माझ्या पुतळ्यांत तसंच होतं. गंमत म्हणजे कडीच्या बुडाशी झाळेच्या गाठीसारखा उंचवटा होता, पण जोड नव्हता. झाळ नाही, झाळेची आकृती फक्त.

"म्हणजे एखादी खरी पुतळी मातीत दाबून साचा केला," ते म्हणाले. "तिची झाळसुद्धा उतरली बघा."

सोलापुरात 'साचा' म्हटलं की गिरणीतला माग आठवतो. आजोबा साचेखात्यात होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो शब्द दुसऱ्या अर्थाने घेऊन घरी आले.

घरी पुन्हा बावीसच्या बावीस पुतळ्या ओळीत लावल्या, आणि जे पहिल्याच रात्री दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं. प्रत्येकीच्या काठावर, डाव्या बाजूला खाली, एक छोटीशी खाच. बावीस वेळा तीच खाच, त्याच जागी. ज्या एका पुतळीवरून साचे घेतले तिला कधीतरी लागलं असणार, आणि ते लागणं सगळ्यांना वारशाने मिळालं होतं.

ती एक पुतळी मला माहीत होती.

आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक सुटी पुतळी असते. बाबांना आठवतं तेव्हापासून आहे. तिला 'विठ्ठल-रखुमाई' म्हणतात, कारण तिच्यावर दोन माणसं आणि मध्ये एक काठी आहे. मागच्या बाजूला लंबगोलात एक आकृती आणि भोवती ठिपके. आजी सांगायची, तो पाळण्यातला बाळकृष्ण. दर एकादशीला ती धुतली जाते. तिला कुणी कधी दागिना मानलंच नव्हतं.

आईच्या परवानगीने ती उचलली. वजन २.९३ ग्रॅम, पाण्यात ०.१७. भागाकार सतराच्या वर. इतक्या लहान वस्तूला माझा काटा थोडा ढोबळ पडतो, म्हणून यंत्राखालीही नेली. सोनं एक्क्याण्णव टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बावीस कॅरेट. आणि काठावर, डाव्या बाजूला खाली, खाच.

इथे मी स्वतःलाच उलटतपासणीला उभं केलं. कशावरून देव्हाऱ्यातली आधीची आणि माळेतल्या नंतरच्या? खाचेवरून. देव्हाऱ्यातल्या पुतळीची खाच धारदार आहे, आणि तिच्या कडेला धातू ढकलला जाऊन उठलेली बारीक भिंत आहे. तो प्रत्यक्ष मार आहे. माळेतल्या खाचा गोलसर, बुजलेल्या. आणि मापावरून. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे वस्तूवरून घेतलेल्या साच्यात ओतलेली नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान निघते. पितळेच्या बाबतीत शंभरात दीड-दोन भागांनी. व्हर्निअर कॅलिपर लावला. देव्हाऱ्यातली २१.० मिलिमीटर. माळेतल्या २०.६ ते २०.७. नक्कल कधी मुळापेक्षा मोठी होत नाही. आई कोण आणि लेकी कोण हे ठरलं.

आता थोडं विषयांतर, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे विठ्ठल-रखुमाई मुळात विठ्ठल-रखुमाई नाहीत. पुतळी हा दागिना आला तो व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून. व्हेनिसने १२८४ मध्ये डुकाट पाडायला सुरुवात केली आणि १७९७ मध्ये ते गणराज्य संपेपर्यंत नक्षी जवळपास तीच ठेवली. एका बाजूला संत मार्क, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख म्हणजे डोज, मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. व्यापारातून ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर आली, त्यांच्यावर माणसांच्या आकृत्या म्हणून लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं, आणि बायकांनी गळ्यात घातली. मग इथल्या सोनारांनी स्वतःचे ठसे कोरले. खऱ्या डुकाटवर डोजचं नाव असतं आणि त्यावरून नाण्याचा काळ काढता येतो. आमच्या पुतळीवर नावाच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि टिंबं आहेत. कोरणाऱ्याला रोमन लिपी येत नव्हती, त्याने अक्षरांचं चित्र काढलं. म्हणजे देव्हाऱ्यातली 'खरी' पुतळीसुद्धा नक्कलच आहे. फक्त सोन्यातली.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते देव्हाऱ्याकडे बघत म्हणाले, "बरं. पण एकादशीला धुवायचं थांबवायचं नाही."

आता उरला प्रश्न 'कधी'.

वरच्या बाजूची एक भिंत घरातच सापडली. आजीच्या लग्नाची याद, १९५५ ची, जुन्या पोथीत घडी करून ठेवलेली. त्यात स्पष्ट लिहिलंय, 'पुतळ्यांची माळ, नग २३.' देव्हाऱ्यात एक, माळेत बावीस. बेरीज जुळली. बावीस कॅरेटही त्या काळाशी जुळतं. जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध नवा दागिना घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांच्या हातचं काम गेलं. १९६६ मध्ये कॅरेटची अट उठली, पण १९६८ चा कायदा परवाने आणि नोंदवह्यांसकट १९९० पर्यंत चालला. पुतळी त्या आधीची असणं अगदी स्वाभाविक.

म्हणजे १९५५ मध्ये तेवीस सोन्याच्या होत्या आणि २००४ मध्ये बावीस पितळेच्या. मधली एकोणपन्नास वर्षं. काकू या घरात आली १९९३ साली.

आठवडाभर मी अडकले होते. सोडवलं ते एका बिघडलेल्या पुतळीने. बावीसमधल्या एकीचा काठ, कडी वर धरली तर घड्याळात चार वाजतात त्या जागी, अर्धचंद्रासारखा खाल्लेला आहे. मी ती तुटलेली समजत होते. पण तुटलेली कड खरबरीत असते, आणि ही गोलसर, वितळून थांबल्यासारखी होती. कारागीरकाकांना फोटो पाठवला. त्यांचा आवाजी मेसेज आला, "धातू थंड पडला. साचा भरलाच नाही तिथे." ओतकामातली ही नेहमीची खोट. ठशाच्या पुतळीत ती होऊच शकत नाही, आणि देव्हाऱ्यातल्या पुतळीचा काठ तिथे अखंड आहे. म्हणजे हा चंद्र फक्त या एका पितळी चकतीचा. तिचा अंगठ्याचा ठसाच म्हणा.

आत्याचं लग्न १९७८ साली झालं. त्या लग्नातला आजीचा एक फोटो आहे, कृष्णधवल, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खुर्चीत बसलेली आजी, कपाळावर आडवं कुंकू, गळ्यात पुतळ्यांची माळ. लहानपणापासून भिंतीवर बघत आलेला फोटो. तो चौकटीतून काढला आणि १२०० डीपीआयला स्कॅन केला. फोटोत एक पुतळी जेमतेम दोन मिलिमीटरची, म्हणजे स्क्रीनवर शंभरेक पिक्सेल. मी डावीकडून एकेक बघत गेले. सहावी. सातवी. आठवीच्या काठावर, चार वाजण्याच्या जागी, काळा अर्धचंद्र.

मी लॅपटॉप मिटला आणि परत उघडला. होता.

१९७८ साली काकू अक्कलकोटला चौथीत शिकत होती.

बाबांना बोलावून दाखवलं. ते खूप वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग बहात्तरच्या दुष्काळाचं बोलू लागले. गावाकडून आजोबांचा भाऊ बायकापोरांसह आला होता, दोन खोल्यांत अकरा माणसं. गिरणीत कामाचे दिवस कमी झाले होते. घरात मिलोच्या लाल भाकरी, शाळेत सुकडी. "आणि तरी," बाबा म्हणाले, "आमची कुणाची शाळा सुटली नाही. चुलत्यांची बियाणंखतं झाली, बैल पुन्हा आले. आम्हाला वाटायचं, दादांनी उसने काढले असतील."

बहात्तर साल हे बाबांचं अनुमान. माझ्या खुणा एवढंच सांगतात की १९५५ नंतर आणि १९७८ च्या आधी कधीतरी आजीने एक पुतळी बाजूला ठेवली, तिच्यावरून बावीस ओतून घेतल्या आणि बावीस विकल्या. ज्याला ती एक पुतळी हाताशी होती त्यालाच हे करता येत होतं. मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर ती पितळ घालून बसली, फोटोग्राफरकडे सरळ बघत. त्यानंतर सव्वीस वर्षं तिने ती माळ दर लक्ष्मीपूजनाला काढली आणि कुलपात ठेवली.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मग ती इतकी वर्षं बोलली का नाही?"

"बोलली होती," बाबा म्हणाले. "तेव्हाच म्हणाली होती, मी डबा उघडलाच नाही म्हणून."

आई आत गेली. रात्री जेवताना कुणी काही बोललं नाही. सकाळी ती साडी नेसून तयार होती. "चल. रिक्षा बघ."

लहानपणी मी काकूला 'तू' म्हणायचे. या वीस वर्षांत लग्नकार्यांत भेटलो त्यात कधीतरी त्याचं 'तुम्ही' झालं होतं. तिने दार उघडलं, आईला बघून पदर सारखा केला आणि बाजूला झाली. मी लॅपटॉप, पुतळ्या, वही, सगळं टीपॉयवर मांडलं आणि घनतेपासून सुरुवात केली. काकूने दोन मिनिटं ऐकलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "फोटो दाखव."

दाखवला. तिने अर्धचंद्रावर बोट ठेवलं. मग हातातल्या पुतळीवर.

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. "मी तेव्हा किल्लीचं बोलायला नको होतं," ती म्हणाली. एवढंच. पुढचं तिला जमलं नाही.

काकू म्हणाली, "ताई, तुमच्यावर राग होता. आता बघते तर तुमच्यावर नाहीये." ती थोडा वेळ थांबली. "किल्ली देताना सासूबाई म्हणाल्या, जप गं, तेवीस पुतळ्यांतल्या बावीस आहेत. मी त्या डब्याला जपून हातसुद्धा लावला नाही. त्यांनी तेव्हा एक वाक्य सांगितलं असतं तर?"

त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आजीचा मला अभिमान वाटत होता, अजूनही वाटतो. पण काकूच्या जागी बसून पाहिलं तर त्या फोटोतली सरळ नजर वेगळीच दिसते.

काकूने पुतळ्या ओंजळीत घेतल्या. "कळकल्यात किती," असं म्हणत स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेले तर ती चिंच भिजवत होती. जुन्या दागिन्यावरची काळपट साय कधी घासू नये, त्यातच त्याचं वय असतं, हे मी गेल्या दोन महिन्यांत दहा ठिकाणी वाचलं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. तिने चिंच-मिठाने एकेक पुतळी तांब्या घासावा तशी घासली, नळाखाली धरली, फडक्यावर ओळीत मांडली. आई शेजारी उभी राहून पुसत होती. पितळ लख्ख पिवळं निघालं. दोघींच्या आकृत्यांमधल्या खाचेत थोडं सोनं अजून होतं, ते तसंच राहिलं.

बावीस झाल्यावर काकूने इकडेतिकडे बघितलं. "आता ओवायच्या कशात?"

"काकू," मी म्हणाले, "तुझ्याकडे जाड दोरा आहे का?"